बसलेले पकडले जातात

या गृहस्थांची आणि माझी ओळख संशयातून झाली, हे प्रथम नमूद करते. त्या काळी मी चौकातील बँकेच्या भिंतीलगत शिलाई यंत्र मांडून कपड्यांची दुरुस्ती करीत असे; आजही करते. माझ्या एका बाजूला किल्लीवाला बसतो. दुसऱ्या बाजूला कंगवे व आरसे विकणारी बाई बसते, तिला आम्ही सारे वहिनी म्हणतो. समोरून दिवसभर माणसांचा लोंढा वाहतो. एके सकाळी त्या लोंढ्याच्या कडेला हे गृहस्थ तीन पायांचा स्टँड रोवून उभे राहिले आणि आम्ही सावध झालो.

त्यास कारण होते. पलीकडच्या रस्त्यावर पूर्वी असेच तीन पायांचे यंत्र घेऊन काही माणसे आली होती. त्यांनी मापे घेतली, कोणाशी वाकडा शब्द बोलली नाहीत, आणि नंतर तेथील सर्व बसणाऱ्यांना उठवण्यात आले. माझी जागा गेली असती तर घरात सुनेच्या पायांत घोटाळण्यावाचून मला दुसरे काम उरले नसते.

वहिनींनी त्यांचे नाव तिपाईसाहेब ठेवले. गृहस्थ उतारवयाचे, शिडशिडीत, कॉलरला कडक इस्त्री केलेले. ते कॅमेऱ्याच्या तोंडावर एक काळी काच बसवीत, वरून काळा कोट पांघरीत आणि बटण दाबून स्वस्थ उभे राहत. आमच्या माहितीतला फोटो पापणी लवते न लवते तोच निघतो. यांचा मात्र निघता निघत नसे.

"बघायचंय तर डोळ्यावर काळं कशाला?" वहिनींनी विचारले.

"आपण बघतोय हे दुसऱ्याला कळू द्यायचं नसतं, म्हणून," किल्लीवाला म्हणाला.

माझा संशय त्या कोटावर होता. तो त्यांच्या मापाचा नव्हता. गळा अनेकांच्या मानांनी घासलेला, बटणे निरनिराळ्या दोऱ्यांनी शिवलेली. एका माणसाचा कोट असा झिजत नाही. त्यांच्या पिशवीवर लाल अक्षरे छापलेली होती. मला तेव्हा वाचता येत नव्हते. किल्लीवाल्याने ती अक्षरे निरखून सरकारी असल्याचे सांगितले, आणि त्यालाही वाचता येत नाही हे आम्हाला ठाऊक असूनही आम्ही ते मानले.

मग एके दिवशी ते फोनवर कोणाशी तरी बोलत असता वहिनींच्या कानावर एक वाक्य पडले. त्या तशाच माझ्याकडे आल्या. गृहस्थ म्हणाले होते, "चालणारे सगळे निसटतात. बसलेले तेवढे पक्के पकडले जातात."

आता शंकेला जागा उरली नाही. आम्ही तिघांनी विचार करून असे ठरवले की, चालणारे निसटत असतील तर आपणही चालावे. त्यांनी काळी काच लावली की किल्लीवाला उठून दिव्याच्या खांबाला फेऱ्या घाली. वहिनी पाहुणी आल्यासारख्या स्वतःच्याच कंगव्यांपुढून ये-जा करीत. मी गुडघे धरून बँकेच्या पायरीपर्यंत जाई व परत येई. गिऱ्हाइकांना वाटले की आम्हाला डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे.

काही दिवस असे गेल्यावर गृहस्थ तो काळा कोट हातावर टाकून माझ्याकडे आले. अस्तर उसवले होते. मी कोट घेतला, पण सुई उचलली नाही. किल्लीवाला कानस खाली ठेवून सरकत जवळ आला. गृहस्थांनी कॅमेऱ्याच्या मागची छोटी काच माझ्यापुढे धरली व विचारले, "मावशी, हे यंत्र तुमचंच ना? मग तुम्ही कुठं आहात?"

मी पाहिले. रस्त्यावर माणसे नव्हतीच, नुसता जमिनीलगत पसरलेला धूर होता. त्या धुराच्या काठाला माझे यंत्र, किल्ल्यांची फळी, वहिनींचे आरसे, सारे लख्ख दिसत होते. आम्ही तिघे नव्हतो. ज्या गोष्टीच्या भीतीने मी गुडघे झिजवले, तीच तेथे पुढ्यात होती. हे चित्र कोणा अधिकाऱ्याच्या हाती पडते तर त्याने माझे यंत्र बेवारस म्हणून उचलून नेले असते.

"हे कोणाला दाखवणार?" मी विचारले.

"माझ्याच दुकानाच्या काचेत लावीन म्हणतो."

त्यानंतर त्यांनी पायरीवर बसून जे सांगितले ते असे. त्यांचा स्टुडिओ होता. अर्जाला लावायचे लहान फोटो ते काढीत. ज्याच्याकडे कोट नसे त्याला हाच कोट घालायला देत, म्हणून त्याचा गळा तसा झाला. उभ्या आयुष्यात लोकांना "हलू नका" एवढेच सांगितले. पुढे जो तो आपल्या फोनवर फोटो काढू लागला आणि खुर्ची रिकामी राहिली. तेव्हा त्यांनी ठरवले की आता हलणाऱ्यांचा फोटो काढावा. काळी काच उजेड अडवते, त्यामुळे कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवता येतो. जो थांबत नाही तो धूर होतो, जो थांबतो तो उमटतो.

"आणि पिशवीवर काय लिहिलंय?" किल्लीवाल्याने दरडावून विचारले.

गृहस्थांनी वाचून दाखवले. अर्थात ते खरे तेच वाचतात की नाही, हे तपासण्याचा उपाय आमच्याकडे नव्हता. आज मी ती अक्षरे स्वतः वाचू शकते: 'पासपोर्ट फोटो त्वरित मिळतील.'

पुढे एक मोठा फोटो त्यांच्या दुकानात लागला. त्यात किल्लीवाला आहे, वहिनी आहेत आणि मीही आहे. माझा चेहरा स्पष्ट आहे, उजवा हात मात्र धूर झाला आहे, कारण मी चाक फिरवायचे थांबवले नव्हते. आम्हाला अद्याप कोणी उठवलेले नाही. किल्लीवाल्याच्या मते उठवणाऱ्या साहेबांना घाई नसावी. आमच्यापुढे कोणी टापटीप माणूस रेंगाळला की तो अजून मला खूण करतो, आणि खोटे कशाला लिहू, मीही मान उंचावून पाहते.

त्या दिवशी अस्तर शिवून मी कोट त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो झटकला, घडी केली, आणि निघताना माझ्यापाशी एवढेच मागितले: "मावशी, उद्या जागेवरून हलू नका."