सरांनी फिरवलेला हात

बारावीच्या वर्षी मी सांगलीत, विश्रामबागला मावशीकडे राहत होते. आमचं घर पाटणला. वडील वायरिंगची कामं घेत आणि सुट्टीत मलाही बरोबर नेत. त्यामुळे गिलावा होण्याआधीची घरं मी पुष्कळ पाहिली होती. पाइपसाठी भिंती खोदलेल्या, खिडकीच्या जागी नुसतं भोक, जिन्याला कठडा नाही. वडील मला दारातून आत यायला सांगायचे आणि माझा हात भिंतीवर कुठं जातो ते बघायचे. "हात आपसूक जाईल तितंच बटण पायजे," म्हणायचे. घरमालकानं दुसरीकडं खूण केलेली असली तर त्याच्याशी वाद घालायचे. मला आर्किटेक्ट व्हावंसं वाटलं ते या घरांमुळे. चित्रकलेशी त्याचा काही संबंध नव्हता.

पण पुण्याच्या एका विद्यापीठात प्रवेशासाठी मुलाखत होती, आणि मुलाखतीला चित्रांचा पोर्टफोलिओ न्यायचा होता. पंधरा ते वीस कागद. माझं गणित चांगलं होतं, चित्र बेताचं. एलिमेंटरीची परीक्षा मी कशीबशी पास झाले होते आणि इंटरमिजिएटला बसलेच नव्हते. मावशीनं चौकशी करून एका सरांचा क्लास शोधला.

सर पूर्वी साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुलाकडे सांगलीला आले आणि घराच्या पुढच्या खोलीत क्लास घ्यायला लागले. आम्ही आठ जण होतो. त्यातली एक मुलगी साताऱ्याची. सर साताऱ्यात असताना पाचवीपासून ती त्यांच्याकडे शिकलेली. अकरावीला तिनं सांगलीचं कॉलेज घेतलं, होस्टेलवर राहायला लागली, आणि त्याचं एक कारण सर इथं आलेत हे होतं, असं तिनंच मला सांगितलं. ती डावखुरी होती. सरांशेजारची खिडकीतली जागा तिची. ती फारसं खोडायची नाही. एकदा रेघ मारली की तीच रेघ.

सर प्रेमळ होते. कुणावर ओरडायचे नाहीत. माझ्यामागे येऊन उभे राहायचे, कागदाकडं बघायचे आणि म्हणायचे, "सरक बाळ जरा." मी उठायचे, ते बसायचे. जाड शिशाची पेन्सिल घ्यायचे आणि दहा मिनिटांत माझ्या सपाट घाटाला पायऱ्या पडायच्या, पाण्यात देवळाची सावली यायची, झाडाला पानं फुटायची. मग उठून म्हणायचे, "मी नुसता हात फिरवलाय. चित्र तुझंच आहे."

पहिल्यांदा मला अवघडल्यासारखं झालं. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी ते कधी येतात याची वाट पाहायला लागले.

मार्च संपेपर्यंत माझे सोळा कागद तयार झाले. त्यातल्या चौदांवर सरांचा हात फिरलेला होता. उरलेले दोन मिरजेच्या एका हॉस्पिटलमधले होते. मावशी तिथं नर्स होती. तिची ड्युटी संपेपर्यंत मी खाली नातेवाइकांच्या जागेत बसायचे. तिथं लोक आठ-आठ दिवस राहायचे. जिन्याच्या कठड्यावर टॉवेल वाळत घातलेले, जिन्याखाली वळकट्या, खिडकीच्या कट्ट्यावर डबे. मी ते बसल्या बसल्या काढलं होतं. सरांना दाखवलं तर म्हणाले, "आजारपण कशाला न्यायचं मुलाखतीला? राहू दे बाजूला." पण निदान पंधरा तरी भरायला हवेत म्हणून मी ते दोन्ही फाइलच्या शेवटी घातले.

मुलाखत दुपारी एकला होती. साताऱ्याच्या मैत्रिणीलाही त्याच दिवशी बोलावलं होतं. सकाळी सहाची एसटी धरून आम्ही दोघी निघालो. तिच्याजवळ वडिलांनी मुद्दाम शिवून घेतलेली कापडी पिशवी होती, आणि पूर्ण प्रवासात तिनं ती मांडीवरून खाली ठेवली नाही. माझी फाइल वरच्या रॅकवर होती. ती मला म्हणाली, "मला काय विचारतील त्याची भीती नाही. बोलताना घसा बसतो, त्याची आहे." मी तिला खडीसाखर दिली. मावशीनं दिलेली होती.

माझा नंबर तिच्या आधी लागला. आत तिघं जण होते. प्रश्न एका मॅडमच विचारत होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरून बघायच्या. त्यांनी माझे सोळाही कागद टेबलावर पसरले आणि एकेक उचलून पाहिला. मग कृष्णेच्या घाटाचं चित्र आणि हॉस्पिटलचा जिना शेजारी शेजारी ठेवला.

"या पायऱ्या आणि या पायऱ्या," त्या म्हणाल्या, "एकाच मुलीनं काढल्यात?"

त्यांनी थांबून वाट पाहिली. त्या चिडलेल्या नव्हत्या, म्हणून मला खोटं बोलणं जड गेलं. मी म्हणाले, "घाटावर आमच्या सरांनी हात फिरवलाय."

"आणि या बाकीच्यांवर?"

"चौदांवर. हे दोन सोडून."

तिघांतले एक सर हसले. मॅडमनी चौदा कागद गोळा करून बाजूला ठेवले. मग फॉर्मवरचं आमच्या क्लासचं नाव बघत सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या क्लासमधून आज अजून एक मुलगी आलीय ना? त्या क्लासमध्ये सगळ्यांचंच असं असतं का?"

"हो," मी म्हणाले. "सगळ्यांच्याच कागदांवर सर हात फिरवतात."

हे वाक्य मी का बोलले ते मला त्या खोलीतही समजत होतं. एकटीनं केलेल्या गोष्टीपेक्षा सगळ्यांनी केलेली गोष्ट हलकी वाटते. सात जणांच्या बाबतीत ते खरंही होतं. आठवी बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिला उठवून तिच्या कागदापुढं सर कधी बसलेले मी पाहिलेले नव्हते. तरी मी "सगळ्यांच्याच" म्हणाले, आणि त्यात दुरुस्ती केली नाही.

त्यानंतर मुलाखत चांगली झाली. मॅडमनी जिन्याबद्दल विचारलं. कठड्यावर टॉवेल का वाळत घालतात? ऊन कुठून येतं? लोकांना झोपायला जिन्याखालचीच जागा का बरी वाटते? मी सांगितलं की तिथं भिंत तिन्ही बाजूंनी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागत नाही. वडिलांचं बटणाचंही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. वीसेक मिनिटांनी मी बाहेर आले तेव्हा ते चौदा कागद त्यांच्या टेबलावरच राहिले होते, पण मला हायसं वाटत होतं. मी मैत्रिणीला म्हणाले, "मॅडम चांगल्या आहेत."

ती आत गेली आणि पाच-सहा मिनिटांत परत आली. पिशवीची नाडी बांधत म्हणाली, "चल, चारची गाडी मिळेल."

स्वारगेटला आम्ही गाडीत बसलो. कात्रजचा बोगदा मागे पडल्यावर तिनं सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "तू आत 'सगळ्यांच्याच कागदांवर सर हात फिरवतात' म्हणालीस?"

"हो."

"का?"

मी उठून रॅकवरची फाइल उगाच आत सरकवली. ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. थोड्या वेळानं तिनं आपणहून सांगितलं. मॅडमनी तिचे कागद पाहिले, माझ्या चौदांपैकी एक शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, झाडं अगदी सारखी आहेत, छायाही सारखी आहे, तुमच्या सरांचा हात आम्हाला आता ओळखता येतो. मग कोरा कागद पुढं करून म्हणाल्या, इथं काही काढून दाखव. ती नाही म्हणाली.

"अगं, काढायचं ना!" मी म्हणाले. "दोन मिनिटांत कळलं असतं त्यांना."

"माझे वीस कागद समोर होते," ती म्हणाली. "ते बघून कळलं नाही, मग एकविसावा कशाला?"

मी तिची पिशवी मागितली. तिनं दिली. अजिंक्यताऱ्याचा डोंगर, स्टँडवर बोचक्यांना टेकून बसलेल्या बायका, ॲल्युमिनियमची पातेली. झाडं खरंच सरांच्या झाडांसारखी होती. असणारच. सात वर्षं ती त्यांच्याकडं बघून शिकली होती. पण छायेच्या रेघा मी नीट पाहिल्या तेव्हा त्या उलट्या निघाल्या. सरांच्या रेघा उजवीकडं वर चढायच्या, तिच्या डावीकडं. डाव्या हाताला तशाच सोप्या पडतात.

"हे बघ," मी जवळजवळ ओरडले. "तुझ्या रेघा उलट्या आहेत! सरांच्या अशा असूच शकत नाहीत. तुला माहीत होतं?"

"पाचवीपासून माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी मला सांगितलं." तिनं कागद माझ्या हातातून घेऊन एकेक करून पिशवीत सरकवले. परीक्षा संपून सुट्टी लागली होती, म्हणून साताऱ्याला ती घरी जायला उतरली. तिचे वडील स्टँडवर आले होते. त्यांनी मला हात केला. तिनं मागं पाहिलं नाही.

उंब्रजला माझे वडील मोटारसायकल घेऊन उभे होते. "काय झालं गं? बरं झालं न्हवं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बरं झालं. मल्हारपेठच्या पुढं गेल्यावर त्यांच्या पाठीमागून मी सगळं सांगितलं. वाऱ्यात त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. घरी पोचल्यावर गाडी स्टँडला लावत ते एवढंच म्हणाले, "तिच्याबद्दल बोलायचं तुला कुनी सांगितलं हुतं?"

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाला ईमेल पाठवली. रेघांचं सविस्तर लिहिलं, आणि माझं वाक्य चुकीचं होतं हेही लिहिलं. तीन दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. माहितीबद्दल आभार, मुलाखती पूर्ण झाल्या असून प्रक्रियेत बदल करता येत नाही. आठवड्यानं यादी लागली. माझं नाव होतं. तिचं नव्हतं.

मी सांगलीला आले आणि सरांकडे गेले. ते बाहेर कुंड्यांना पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं तेव्हा झारी खाली ठेवून पायरीवर बसले. "तिच्या एकाही कागदाला मी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "लावायची वेळच आली नाही कधी." मग म्हणाले, "तुझं झालं ना पण?" मी हो म्हणाले. त्यांना माझा राग आला असेल तर त्यांनी तो दाखवला नाही. स्वतःचा आला का, तेही मला समजलं नाही. पुढच्या वर्षी मावशीच्या शेजारची मुलगी त्यांच्याकडे जायला लागली. तिच्याही कागदांवर ते हात फिरवत होते.

प्रवेश घ्यावा की नाही यावर मी दोन दिवस घालवले. मावशी म्हणाली, "तू सोडलीस म्हणून ती जागा तिला देणार आहेत का?" देणार नव्हते. मी प्रवेश घेतला. पाच वर्षं पुण्याला शिकले. त्या मॅडम तिसऱ्या वर्षी आम्हाला शिकवायला होत्या. त्यांना ती मुलाखत आठवत होती, पण त्यातले फक्त टॉवेल.

मैत्रिणीला राज्याच्या गुणवत्ता यादीतून दुसऱ्या कॉलेजात जागा मिळाली. तिथं पोर्टफोलिओ कुणी मागितला नाही. तिला मी त्या उन्हाळ्यात दोनदा फोन केला. पहिल्यांदा तिच्या आईनं उचलला, ती बाहेर गेलीय म्हणाल्या. दुसऱ्यांदा तिनंच उचलला, निकालाचं विचारलं, कॉलेज कधी सुरू होतंय ते विचारलं आणि ठेवला. त्यात तुटकपणा नव्हता. पण नंतर मी फोन केला नाही, आणि तिनंही नाही.

आता तिचं साताऱ्यात स्वतःचं ऑफिस आहे. माझं सांगलीत. कामाच्या निमित्तानं वर्षातून एकदा-दोनदा गाठ पडते. गेल्या वर्षी एका बांधकामाच्या परवानगीसाठी मी साताऱ्याला गेले होते तेव्हा तिच्या ऑफिसात डोकावले. टेबलावर एका घराचं हातानं काढलेलं चित्र होतं. अजून ती गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हातानंच काढून दाखवते. मी चित्राकडं बघत म्हणाले, "तुला एक विचारायचं होतं. त्या दिवशी पुण्याला—"

"चहा सांगू?" ती म्हणाली.

मी हो म्हणाले. चहा आला. नगरपालिकेत माझी फाइल कुठल्या टेबलावर अडकली असेल ते तिनं नेमकं सांगितलं, आणि तिथल्या साहेबाला साडेतीनच्या आत गाठ, नंतर तो भेटत नाही, असंही. तीन वाजत आले होते. मी कप ठेवला आणि निघाले.