शून्याचं पाणी

माझे सासरे शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निवृत्त झाले होते. गंगापूर धरणाचं पाणी पिण्याजोगं करून नाशिकच्या नळांपर्यंत पोचवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यामुळे आमच्या घरात पाण्याला नावं ठेवणं म्हणजे सासऱ्यांना नावं ठेवणं. माझ्या नवऱ्याला कावीळ झाली आणि ओट्यावर आरओचं यंत्र बसलं, तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. पण त्या यंत्रातला एक घोटही त्यांनी कधी घेतला नाही. संध्याकाळी ते आपला तांब्याचा हंडा नळाखाली भरत आणि सकाळी त्यातलं पाणी पीत. यंत्राच्या पाण्याला ते ‘मेलेलं पाणी’ म्हणत.

अशा घरात मी समुद्र आणायचं ठरवलं.

मी दिंडोरीच्या द्राक्षवाल्याची मुलगी. समुद्र पाहिला तोच मुळी लग्नानंतर. पण मुंबईत नवऱ्याच्या मित्राकडे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी पाहिली, तिच्यातली प्रवाळाची बटणाएवढी तोंडं उमलताना पाहिली, आणि मला त्याचं वेडच लागलं. मी तेव्हा अंबडला एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. शुद्ध पाणी म्हणजे काय हे मला शिकवावं लागणार नव्हतं, आणि हे मी जरा जास्तच वेळा बोलून दाखवायची.

प्रवाळाला आधी शून्याचं पाणी लागतं, म्हणजे क्षार मोजणारा मीटर बुडवला की शून्य दाखवणारं. त्यात मग समुद्राचं मीठ मोजून घालायचं. ओट्यावरचं यंत्र काही शून्य देईना. चवीसाठी थोडं नळाचं पाणी परत मिसळणारी एक बारीक चावी त्यात होती. मी यंत्र उघडलं. गाळणीच्या पडद्यातून पाणी बाहेर पडतं तिथेच, त्या चावीच्या आधी, पाण्याला दोन वाटा करून देणारा एक टी-जोड बसवला. स्वयंपाकघराची नळी तशीच ठेवली आणि दुसरी नळी एका रिकाम्या फिल्टरच्या भांड्यात सोडली. त्यात कारखान्याला माल देणाऱ्याकडून आणलेले, उरलेसुरले क्षार शोषून घेणारे रेझिनचे दाणे भरले. पहिल्या दिवशी त्या जोडातून असं कारंजं उडालं, की सासूबाईंनी भिजलेली कणीक माझ्यासमोर धरली. तिसऱ्या दिवशी मीटरवर शून्य आलं. मी सगळ्यांना हाका मारून ते शून्य दाखवलं. शाळेत शून्य मिळालं असतं तर वडिलांनी सोलून काढलं असतं, आणि इथे मी मिरवत होते.

सासरे शून्याकडे बघायला आले नाहीत. त्यांनी फक्त अट घातली. दसऱ्यापर्यंत त्या टाकीतला जीव जगला तर टाकी राहील. नाहीतर हॉलमधून हलवायची आणि पुन्हा नाव काढायचं नाही. मी तोऱ्यात हो म्हटलं.

होळीनंतर टाकी भरली. नवरा नोकरीसाठी मनमाडला रोज ये-जा करायचा, तरी सुट्टी काढून मुंबईहून प्रवाळाचा एक दगड, दोन मासे, एक कोळंबी आणि काही शंखाच्या गोगलगाई घेऊन आला. महिनाभरात प्रवाळ असा फुलला, की सोसायटीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्यासारख्या बघायला येऊ लागल्या.

मे महिन्यात धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी मी आठ दिवस माहेरी गेले. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज बोटभर उडतं. तेवढंच शून्याचं पाणी वरून घालावं लागतं. यंत्राखालची बादली भरली की प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये ओतायची, एवढं काम सासऱ्यांनी आपणहून घेतलं. मी परतल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. यंत्रातून वाया जाणारं पाणीही ते साठवून कुंड्यांना घालत. मला बरं वाटलं. म्हातारा विरघळतोय, असं मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा.

जूनमध्ये कोळंबी मेली. मग गोगलगाई काचेवरून एकेक करून खाली गळाल्या. प्रवाळाची तोंडं मिटली ती उघडेचनात. मासे मात्र मजेत. मी दिवे बदलले, पंप बदलला, मीठ बदललं. जखम मांडीला, मलम शेंडीला. शेवटी एका सकाळी माझा तोल गेला आणि मी सासऱ्यांच्या तोंडावर म्हणाले, “तुमच्या त्या प्लांटच्या पाण्यातच काहीतरी असणार.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते उठून गेले. सासूबाईंनी तो कप उचलला आणि जाता जाता माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उठून हॉलमध्ये आले तर टेबलावर सॉसच्या तीन धुतलेल्या बाटल्या, आणि प्रत्येकीवर त्यांच्या कोरीव अक्षरात चिठ्ठी: नळ, यंत्र, ड्रम. पाणी बिघडलं की भांडत बसायचं नाही, जागोजागचा नमुना घ्यायचा, ही त्यांच्या प्लांटची रीत. त्यांनी मीटर माझ्या हातात दिला. नळाचा आकडा नेहमीचाच होता. यंत्राचा शून्य. ड्रमचा चार.

मी ड्रम हुंगला, आतून बोट फिरवलं. यंत्रातून शून्य निघतं तर ड्रममध्ये चार कुठून येतात, असं मी स्वतःशीच म्हणत होते. सासरे खुर्चीत ताठ बसले होते.

“मधे माझा हंडा आहे,” ते म्हणाले.

रोज संध्याकाळी आपलं पिण्याचं पाणी लोटाभर वेगळं ठेवून ते हंड्यात यंत्राचं पाणी भरत, रात्रभर ठेवत आणि सकाळी ड्रममध्ये ओतत. मेलेल्या पाण्यात थोडा जीव यावा म्हणून. हंडा चिंच-मिठानं लख्ख घासलेला असे. करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

माझ्या डोक्यात एकदम दिंडोरीची बाग आली. द्राक्षावर आम्ही मोरचूद फवारायचो, ते निळं तांब्याचं मीठ. फवारणीचे ड्रम ज्या चरात धुवायचे, त्या चरात कधी गोगलगाय दिसायची नाही. मोरचुदात वाढलेली मुलगी मी, प्रयोगशाळेत पगार घेणारी, आणि तांबं मला सुचलं नव्हतं. हंड्याचं तांबं रात्रभरात पाण्यात उतरत होतं, आणि माशाला सोसतं ते कोळंबीला, प्रवाळाला सोसत नाही.

मला राग यायला हवा होता. माझा राग तसा नाकावरच असतो. पण समोर बसलेल्या माणसानं स्वतःच घेतलेल्या नमुन्यांत स्वतःचीच चूक शोधली होती, आणि ज्या सुनेनं त्याच्या तीस वर्षांना बोल लावला तिच्यासमोर ती मांडली होती. ते गप्प बसले असते तर मला जन्मात कळलं नसतं. मी म्हटलं, “बाबा, मी तुमच्या पाण्याला बोलले, ते चुकलं माझं.”

“नमुना घेतल्याशिवाय बोलू नये,” ते म्हणाले, आणि बाटल्या धुवायला घेऊन गेले.

मग आम्ही दोघांनी मिळून पावसाळाभर टाकीतलं पाणी थोडं थोडं बदललं. ड्रमच्या झाकणावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली: ‘तांबे लावू नये’, खाली सही, ऑफिसात करत तशी. श्रावण कोरडा गेला, म्हणजे टाकीपुरता. एकही तोंड उघडेना. गणपती गेले तरी नाही. सासऱ्यांनी दसऱ्याचा विषय काढला नाही, मीही नाही. पितृपक्षात एका सकाळी कडेचं एक तोंड उघडलं. तीन दिवसांनी पाच.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. त्या वर्षी पाटावर सासऱ्यांचे जुने लोखंडी पाने होते, त्यांच्याशेजारी माझा मीटर आणि यंत्राचा पाना. ओट्यावरच्या यंत्रालाही त्यांनी झेंडूची माळ घातली होती.

दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला त्यांचे प्लांटमधले जुने सोबती आले. प्रवाळ अख्खा फुलला होता. एकानं वाकून विचारलं, की याला पाणी कुठून आणता, मुंबईहून का.

मी पाण्याचे ग्लास घेऊन दारातच थांबले.

“कशाला मुंबईहून?” सासरे म्हणाले. “पाणी आपलंच, गंगापूरचं. आपण गाळायचो तिथपर्यंत आपण गाळलंय, तिथून पुढे आमच्या सुनेनं.”