टिकली न मोडलेली कॅसेट

आमच्या दादाने चाळीस वर्षं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त केले. लग्नाची कॅसेट घेऊन कुणी दुकानात आलं, की आधी तिच्या कडेची प्लास्टिकची टिकली स्क्रू-ड्रायव्हरने मोडून द्यायचा. "आता हिच्यावर चुकूनसुद्धा काही भरलं जाणार नाही," म्हणायचा. घरच्या कॅसेटची टिकली मात्र वहिनीने मोडू दिली नव्हती. "पुढे एवढी कोरी जागा आहे, वाया का घालवायची?"

वहिनी जाऊन पाच महिने झाले. त्या कॅसेटवर ती मिनिटभर आहे. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणते, "बंद करा ते मेलं! माझा अवतार तरी बघा," आणखी चार शब्द बडबडते आणि पाठ फिरवून आत जाते. तिचा आवाज म्हणून एवढंच उरलं होतं. दादा रोज संध्याकाळी तेवढंच बघायचा आणि फीत मागे आणून बरोबर ती दिसते तिथे लावून कॅसेट व्हीसीआरमध्येच ठेवायचा. रडला नाही. ताट वाढलं की जेवायचा.

मला बाई ते बघवेना. मी त्याची धाकटी बहीण, मागच्या गल्लीत राहते, तोंडाची फटकळ. मीच भाचीच्या, दादाच्या लेकीच्या, मागे भुणभुण लावली, म्हणून तिने इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी ती डबी पाठवली. मग दादाचं डोकं खाल्लं. "लाव की रे, किती दिवस खोक्यात ठेवणार आहेस?"

"टीव्ही जुना आहे. मागे अँटेनाचं एकच भोक आहे," तो म्हणाला. पण बसला एकदाचा. डबीला कन्व्हर्टर लावला, त्याच्या वायरी व्हीसीआरच्या मागे खोचल्या आणि व्हीसीआरमधून टीव्हीवर चित्र आणलं. हात कसे भराभर चालत होते! त्याला कामाला लागलेलं बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

चित्र आलं. मग दुकानात प्रत्येक जोडणीनंतर करायचा तेच त्याने केलं. आवाज नीट उतरतोय का ते बघायला लाल बटण दाबून मिनिटभर रेकॉर्डिंग घेतलं. मी शेजारीच बसले होते. माझ्याही डोक्यात आलं नाही.

फीत मागे नेऊन त्याने लावली. पडद्यावर सिनेमांच्या चित्रांची रांग, आणि कुणी अनोळखी बाई हसून म्हणत होती, "आपलं स्वागत आहे." मग पडदा थरथरला. वहिनीची पाठ दिसली, आत जाताना.

"दादा, अरे काय झालं हे!" मी ओरडले. "मीच मेली तुझ्या मागे लागले!"

"आवाज स्वच्छ आलाय," तो म्हणाला.

त्याने कॅसेट बाहेर काढली, टिकलीत स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि कट्कन मोडली.

"आता हिच्यावर चुकूनसुद्धा काही भरलं जाणार नाही," तो मला म्हणाला, गिऱ्हाइकाला सांगायचा त्याच आवाजात.