बंदरावरच्या नोटिशीचं उत्तर

बंदरावरच्या अधिकाऱ्यांना माणुसकी शिकवायला पुण्यात का आणतात, हे चार वर्षं शिकवूनही मला कळलेलं नाही. आमचा समुद्र म्हणजे खडकवासल्याचं धरण. पण संस्था इथे, वसतिगृह इथे आणि मी इथे, म्हणून तेही तीन दिवस इथे. मी समाजकार्य शिकवून निवृत्त झालेली बाई. कागदपत्रांशिवाय बोटीने येणाऱ्या माणसांशी कसं वागायचं, हा माझा विषय.

माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असायचा. समोरच्याला बसवा, पाणी द्या, आजारी असेल तर डॉक्टरकडे पाठवा, नोंदणी नंतर. फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहायची, ‘आधी माणूस, मग कागद.’ मंडळी ते वहीत उतरवून घ्यायची आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघायची.

गेल्या वर्षी एकाने मात्र हात वर केला. पस्तिशीचा असेल, तोवर तीन दिवसांत एक शब्द बोलला नव्हता.

“मॅडम, नोंदणीआधी कुणाला काउंटरवरून हलवलं तर आम्हाला नोटीस येते. मग काय करायचं?”

प्रश्न अगदी रास्त होता. पण जेवणाची सुट्टी जवळ आली होती आणि वर्ग हसवायची मला वाईट खोड. मी म्हटलं, “द्या माझ्याकडे पाठवून. मी शनिवार पेठेत राहते, नोटिशी वाचायला भरपूर वेळ असतो.” वर्ग हसला. तो हसला नाही. त्याने बहुतेक तेही लिहून घेतलं.

यंदा दिवाळीनंतर त्याचा फोन आला. एका मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीतली माणसं उचलून बंदरावर आणली होती. त्यांत एक बाई, कडेवर तापाने फणफणलेलं बाळ. तिची भाषा कुणालाच येत नव्हती, त्यामुळे अर्ज पुढे सरकेना. याने सोबत शिपाई देऊन दोघांना सरळ इस्पितळात पाठवलं. नोंदणी दुसऱ्या दिवशी केली.

“बाळ वाचलं,” तो म्हणाला, अगदी ओशाळल्यासारखा. “पण नोटीस आलीय. प्रशिक्षणात असंच शिकवलं होतं, असं उत्तर दिलं मी. साहेब म्हणतात, संस्थेचं पत्र आणा. आठ दिवस आहेत. नाहीतर बढती गेली.”

दुसऱ्याच दिवशी मी संचालकांपुढे जाऊन बसले. त्यांनी चहा मागवला.

“अहो मॅडम, ते आपण दृष्टिकोन म्हणून शिकवतो. कार्यपद्धती म्हणून नाही.”

“मग वर्गात तसं सांगायला नको का?”

“वर्गात तुम्हीच होतात.”

चहा तसाच टाकून मी उठले. पुढे चार खेपा घातल्या. पत्राचा मसुदा कायदेशीर सल्लागाराकडे, सल्लागार रजेवर. माझा नुसता जळफळाट झाला, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता. शेवटी मी घरीच दोन पानं लिहिली, हे मीच शिकवलं, याला मी जबाबदार आहे, आणि खाली सही करून पोस्टात टाकली.

आठव्या दिवशी मीच फोन लावला.

“मिळालं मॅडम. फार छान लिहिलंय. पण त्यावर शिक्का नाही ना.”

“मग मी तिकडे येते. तुमच्या साहेबांशी बोलते.”

“नको, नको. मी कालच दुसरं उत्तर दिलं. चूक झाली म्हणून.”

“कसली चूक? अहो, बाळ वाचलं ना?”

“वाचलं ना मॅडम. पण पुन्हा असं करणार नाही, हे आता लेखी दिलंय.”