कवळीवाल्यांचं बेअरिंग

कवळीवाल्यांना रागवायला कारण लागत नाही, असं त्यांची बायको म्हणायची. ते खरं नव्हतं. कारण लागायचं, फक्त ते चोवीस तास हाताशी असायचं. गेली दोन वर्षं तर ते घराखालीच उभं होतं: गडद हिरवी, दोन दारांची, दोनच सीटची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. इंजीन पुढे नाही, डिकीतही नाही, थेट सीटच्या पाठीशी. म्हणजे चालवणाऱ्याच्या कमरेला खेटून गुरगुरणारं.

माणूस तसा सरळ. एकतीस वर्षं दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि त्यांचे दात धरून ठेवणाऱ्या धातूच्या चौकटी करून देण्याचा धंदा. घराच्या मागच्या लांबट खोलीला ते लॅब म्हणत. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर ओळीनं प्लॅस्टरचे जबडे, लोखंडी कपाटाच्या दारावर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. खिडकीखाली त्यांचं टेबल, त्यावर धातू घासायचं यंत्र, दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. पलीकडच्या टेबलावर बायको मेणात दात बसवायची. त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं. बाकी सगळ्या गल्लीत ते कवळीवाले, आणि तेही स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत असताना.

गाडी त्यांनी सत्तावन्नाव्या वर्षी घेतली. हवी होती तिसाव्या वर्षापासून, पण मधे मुलीचं शिक्षण, घराचं छप्पर आणि लॅबची भट्टी यांचा नंबर आधी लागला. घेतली तेव्हा गाडीच सोळा वर्षांची होती आणि तिला दोन मालक होऊन गेले होते. आणि घेण्याआधी त्यांनी तिच्याविषयी मिळेल ते सगळं वाचलं होतं. त्यामुळे फसवलं गेलो असं म्हणायची सोय उरली नव्हती, याचाही त्यांना राग होता.

सगळ्या रागाच्या मुळाशी एक बेअरिंग होतं. मुठीत मावेल एवढं. इंजिनाच्या पोटात, कोणाचा हात पोचणार नाही अशा जागी बसवलेलं. ते फुटलं की इंजीन गेलं, दुरुस्ती वगैरे नाही. आणि फुटायच्या आधी ते कळवतही नाही. कंपनीनं ते बंदिस्त करून वर लिहून ठेवलं होतं की याला आजन्म तेलपाणी लागत नाही. कवळीवाले विचारायचे, आजन्म म्हणजे नक्की कोणाचा जन्म? त्यांनी कंपनीला पत्रानंही विचारलं. सव्वातीन महिन्यांनी उत्तर आलं, की ही अडचण शंभरातल्या केवळ काही गाड्यांनाच आली आहे आणि आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आम्ही आभारी आहोत.

त्या 'केवळ काही'नं त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाच्या टेबलावर पत्र आपटून ते बायकोला म्हणाले, की माझ्या शंभरातल्या केवळ काही कवळ्या लोकांच्या तोंडात घास चावताना फुटल्या असत्या, तर कोणी मला या गल्लीत उभं राहू दिलं असतं का? एखाद्या आजीबाईंच्या हिरडीला जरा टोचलं तर दुसऱ्या दिवशी कवळी परत येते, आणि आपण तोंडातून ब्र न काढता घासून देतो. आपण कधी लिहितो का, की आजी, तुमच्या हिरडीच्या आस्थेबद्दल आभारी आहोत?

बायको म्हणाली, मग विकून टाका. त्यावर ते आणखी चिडले, कारण विकायचा विषयच नव्हता.

तिच्यात बसलं की काय व्हायचं हे त्यांना कोणाला सांगता यायचं नाही. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तलावाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर ते टप उघडून निघायचे. सीट इतकी खाली की बाजूनं जाणाऱ्या सायकलवाल्याचा गुडघा डोळ्यांसमोर यायचा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या पुढे सरकला की पाठीमागचा आवाज बदलायचा, घसा साफ करून कोणी गायला बसावं तसा, आणि वळणावर गाडी रस्त्याला चिकटायची ती बरोबर बसलेल्या कवळीसारखी, हलणं नाही, वाजणं नाही. यापेक्षा मोठी उपमा त्यांच्याकडे नव्हती. मात्र या सगळ्यात त्यांचा एकच कान आनंदात असायचा. दुसरा बेअरिंगकडे. जरा कुठे खडखडलं की पाय आपोआप वर यायचा. मग कळायचं, की डॅशबोर्डच्या कप्प्यात चष्म्याची डबी वाजतेय.

आणि वर लोक. मेहुण्यांची एक पांढरी गाडी होती, जिच्याविषयी जगात कोणालाच काही म्हणायचं नव्हतं. ते भेटले की पहिला प्रश्न, "काय भावोजी, अजून चालतेय?" आवाज दवाखान्यात भेटायला आल्यासारखा. समोरचे निवृत्त हेडमास्तर गाडी निघाली की हात हलवायचे आणि ती परत आली की घड्याळ बघायचे.

पण यातल्या कोणापेक्षाही त्यांच्या डोक्यात जायचे ते या गाडीच्या मालकांच्या संघटनेचे सचिव. बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात महिन्यातून एकदा सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमत, आणि सचिव स्वतःची गाडी ट्रेलरवर घालून आणत. रंग तोच, वर्ष तेच. चार वर्षांत चारशे किलोमीटर. एरवी मऊ कापडाखाली. "जपतो हो मी," ते म्हणत, "बेअरिंगचा काय भरवसा?"

आता गंमत अशी, की हे बेअरिंग उभ्या गाडीतच लवकर मरतं, असं कवळीवाल्यांना त्यांच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं. जुनं तेल साचतं, त्याला ओल धरते आणि गंज चढतो. पळणारी गाडी त्या मानानं टिकते. कवळीवाल्यांनी हे सचिवांना चारचौघांत सांगितलं, आवाज चढवून, की तुम्ही गाडी जपत नाही, जपून जपून मारताय. सचिव हसले. त्यांना राग यायचाच नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष. म्हणाले, "साहेब, तुमची गेली की मला फोन करा. तुमच्या सीट फार चांगल्या राहिल्यात."

माणूस अजून अंथरुणावर आहे आणि पाहुणा कपाटातले कोट चाचपतोय. कवळीवाले महिनाभर हेच बोलत होते.

गाडी घेतली त्याच दिवशी बायकोनं एक कबूल करून घेतलं होतं. भरधाव रस्त्यावर, मागे ट्रक असताना इंजीन बंद पडलेलं तिला नको होतं. तेव्हा ते दर पाच हजार किलोमीटरला तेल बदलतील, तेलाचा फिल्टर उघडून बघतील, आणि त्यातल्या कागदात एकदा जरी धातूची चमक दिसली तरी गाडी जाईल. वाद नाही. त्यांनी शब्द दिला होता. तिला दिलेला शब्द मोडायची त्यांची पद्धत नव्हती. फक्त तो पाळताना कटकट फार करायचे.

फिल्टर म्हणजे घड्या घातलेल्या कागदाचं नळकांडं. इंजिनात काही झिजत असेल तर त्याची पूड या घड्यांत अडकते. आजवर ते मेकॅनिकच्याच टेबलावर तो उघडून बघत आले होते. या खेपेला मात्र गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मेकॅनिक म्हणाला, काका, तेल आणि फिल्टर बदललाय, जुना घरी नेऊन बघा निवांत. त्यांनी तो पिशवीत घालून आणला, दुपारी लॅबच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि सुरीनं एकेक घडी मोकळी करून भिंगाखाली धरली. पहिल्या चार घड्या काळ्या, स्वच्छ. पाचवीत चमक.

बारीक, चंदेरी. पुढच्या घडीत आणखी.

बायकोला आधी कळलं ते त्यांच्या गप्प बसण्यावरून. ती मेणाची सुरी खाली ठेवून आली. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, इंजीन खाली उतरवून खोलल्याशिवाय मी छातीठोक काही सांगणार नाही. मग त्यांनी स्वतःहून सचिवांना फोन लावला. सचिवांनी फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि शनिवारी अकराला ट्रेलर घेऊन येतो म्हणाले. फोन ठेवल्यावर कवळीवाल्यांचा तोल सुटला. कंपनी, तिचं ते आजन्म, मेहुणे, हेडमास्तर, सगळ्यांना त्यांनी एका दमात धुऊन काढलं. दोन वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर मी तिला मुलीसारखं सांभाळलं, आणि ट्रेलर कोणाचा यावा, तर त्या सचिवाचा, म्हणाले. तो कागद मात्र त्यांनी टेबलावरून हलवू दिला नाही. पुरावा म्हणून राहू दे म्हणाले.

शनिवारी सकाळी बायको लॅबमध्ये गेली ती टेबल मोकळं करायला. एका डॉक्टरांची चौकट खोळंबली होती. कागद उचलायला ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मग तिनं कपाटाच्या दारावरचं, चिठ्ठ्या धरून ठेवणारं लोहचुंबक काढलं, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि घडीवरून फिरवलं. काही चिकटलं नाही. यंत्राखालच्या ट्रेमध्ये फिरवलं. तिथेही नाही. तिनं त्यांना हाक मारली.

"अहो, ते बेअरिंग कशाचं असतं?"

"पोलादाचं. का?"

"पोलाद चुंबकाला चिकटतं ना?"

ते आत आले. तिनं पुन्हा फिरवून दाखवलं. मग ओल्या कापसानं टेबलाचा कोपरा पुसला आणि कापूस भिंगाखाली धरला. कापसावर तीच चमक, तीच बारीक, चंदेरी.

"आपल्या चौकटींची पूड आहे ही," ती म्हणाली. "आपल्या धातूला चुंबक धरत नाही. त्या दिवशी सकाळी तुम्ही दोन चौकटी घासल्या होत्या."

"मी वर्तमानपत्र घातलं होतं."

"आणि पंखा चालू होता."

ते खुर्चीत बसले. एकतीस वर्षं ज्या धातूवर पोट भरलं त्याची पूड आपल्याच भिंगाखाली ओळखू येऊ नये, हे त्यांना कंपनीच्या पत्रापेक्षा जास्त लागलं. तिनं तेही बोलून दाखवलं: एकतीस वर्षं मी ही पूड पुसतेय, मला दारातून कळते, तुम्ही घासता आणि तुम्हाला कळू नये? यावर चिडायला त्यांच्याकडे कोणीच नव्हतं. मग ते म्हणाले, "तू गप्प बसली असतीस तर अकराला गेली असती. तुला तर ती नकोच होती."

"नकोच आहे," ती म्हणाली. "पण जायची तर तिच्या स्वतःच्या कर्मानं जाऊ दे. माझ्या टेबलावरच्या धुळीनं नको."

सचिव वेळेवर आले, ट्रेलरचे पट्टे सोडूनच. चुंबकाची गोष्ट सांगून गाडी विकायची नाही म्हटल्यावर ते तसेच हसले. म्हणाले, साहेब, शंका एकदा शिरली की शिरली. आज चुंबक झालं, उद्या दुसरं काही निघेल, आता तुम्हाला सुखानं चालवता येणार नाही. हे नेमकं बसलं, कारण ते खरं होतं. कवळीवाले उत्तर शोधत असताना बायकोनंच सचिवांना विचारलं, की तुम्ही तुमच्या गाडीच्या फिल्टरचा कागद शेवटचा कधी उघडून बघितलात? सचिव म्हणाले, कधीच नाही, गाडी चालतच नाही तर तेल कशाला बदलायचं?

चार वर्षं तेच तेल. कवळीवाल्यांचा आवाज परत आला. ट्रेलरपाशी उभं करून त्यांनी सचिवांना अर्धा तास झापलं, स्वतःच्या गाडीसाठी नव्हे, त्यांच्या. त्या मुक्या जिवाचा काय गुन्हा, म्हणाले. समोरचे हेडमास्तर घड्याळ बघायचं विसरले. सचिव रिकामा ट्रेलर घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदाच त्यांचं हसू जरा उतरलेलं होतं.

पण शंका राहिलीच होती. आपल्या पुडीच्या आड खरी पूडही असली तर? शंका काढायचा एकच मार्ग होता. नवा फिल्टर घालून झालाच होता. गाडी पळवायची, आणि तो कागद स्वच्छ जागी उघडायचा. बायको चपला घालून खाली आली. कुठे बंद पडली तर फोन करायला माणूस नको का, म्हणाली, आणि दाराला धरून, एक पाय आधी, मग कंबर, मग उरलेली स्वतः, अशी सीटमध्ये उतरली.

पहिले वीस किलोमीटर ती दर आवाजाला, हा कसला, म्हणून विचारत होती. तो तसाच असतो, ते म्हणत. मग हा? तोही तसाच असतो. तलाव मागे पडला, मोकळा रस्ता लागला, तरी काटा तीन हजारांवर अडकलेला. त्यांचे दोन्ही कान आज मागेच होते.

"एवढी हळू चालवायला घेतलीत का?" ती म्हणाली. "तो सचिव बरा मग."

त्यांनी गिअर खाली टाकला. चार हजार, साडेचार. पाठीमागचा आवाज बदलला. तिनं केस एका हातानं धरले आणि बराच वेळ काही विचारलं नाही.

तीनशे बारा किलोमीटर झाले. येताना मेकॅनिककडून फिल्टर काढून घेतला, आणि या वेळी तो स्वयंपाकघरात, पंखा बंद करून, धुतलेल्या ताटात उघडला. भिंग तिनं लावलं. एकेक घडी, शेवटपर्यंत. नुसतं तेल, दुसरं काही नाही. मग त्यांनी बघितलं. मग पुन्हा तिनं.

"आता परत कधी बघायचं?" तिनं विचारलं.

"पाच हजारांनी. म्हणजे पाच महिने तरी."

"पाच महिने जीव टांगणीला ठेवायचा? मग जास्त चालवा की. लवकर होतील."

आयुष्यात कोणी त्यांना असा सल्ला दिला नव्हता. त्यांनी ओट्यावर सांडलेलं तेल पुसायला दाराजवळचं फडकं उचललं.

"ते नको," ती म्हणाली. "लॅबचं आहे. ठेवा खाली."