वाटी लावलेली भूतं

तर खुशालरावनं मिशी उतरवली, इथवर आलो होतो काल. मिशी उतरवल्याशिवाय त्याला भुताची बायको होता येत नव्हतं, आणि बायकोशिवाय जानराव भूत व्हायला तयार नव्हता.

हा जानराव भातकुलीकडच्या एका गावचा. वर्षभर काळ्या मातीतला कास्तकार, पण शिमग्याला भूत. म्हणजे सोंग हो. निंबावर राहणारा भुतोजी आणि त्याची भुतीणबाई, यांचा संसार दर शिमग्याला गावासमोर थोडा पुढं सरकायचा. एका साली भुतोजीची सासू राहायला आली. दुसऱ्या साली पोराला माणूस लागलं म्हणून देवरशी बोलवावा लागला. आणि निंबाची मोजणी करायला तलाठी आला त्या साली तर दोघंही भिऊन शेंड्यावर. पुढं काय, म्हणून गाव वर्षभर वाट पाहायचं. मग भुतीणबाई होणारा खुशालराव अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, आणि भुतांचा संसार तिथंच थांबला. जानरावाच्या जिवाला ते लागून राहिलं.

"एक डाव तरी भुतोजी झालो पाह्यजे," तो म्हणायचा.

"काहून?" सुभद्रा, त्याची बायको, म्हणायची. "घरात तं रोजच असता."

एकोणीसशे चौसष्टच्या सुमारास कमलाकांत आला. अमरावतीच्या वकिलाचा मुलगा. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यानं हे सोंग पाहिलं होतं, मग शिकायला म्हणून जो पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. आता त्याला याचा विनोदी सिनेमा काढायचा होता. जानराव असा हरखला, की खुशालरावला अकोल्याहून स्वतः जाऊन घेऊन आला.

धुळवडीच्या दिवशी निंबाखाली कॅमेरा लागला. कमलाकांतनं आधी धूर करायला सांगितला.

"धूर कायले?" जानराव म्हणाला. "चूल पेटवाची हाय का?"

धूर राहिला. मग कळलं, की आज शेवटचा प्रवेश घ्यायचा. त्याला सगळं गाव लागतं, आणि गाव आजच मोकळं आहे.

"सायेब, हा पाठवणीचा हाय," जानराव म्हणाला. "अजून भूतं आले कोठी?"

"नंतर कापून जोडतो, जानरावभाऊ. तुम्ही फक्त करा."

आता ही पाठवणी अर्धीमुर्धी करता येत नाही. जानरावाच्या बापानंच घालून दिलेली रीत: आलेल्या पाहुण्याले नीट वाटी लावायचं. भुतोजीला भाकर-ठेच्याची शिदोरी द्यायची, भुतीणबाईची ओटी भरायची. दोघांनी उलट्या पावलानं शिवेवरच्या ओढ्यापर्यंत जायचं, तोंडाची काजळी धुवायची आणि मुकाट घरी यायचं. झालं, की पुढच्या शिमग्यापर्यंत भुतोजीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही.

पहिल्या खेपेला मधे बकरी आली. दुसऱ्या खेपेला खुशालरावला आपला मोकळा ओठ चाचपून हसू फुटलं. मग ढग आला. मग कोणीतरी कॅमेऱ्याकडं पाहिलं. दर खेपेला कमलाकांत म्हणे, "पुन्हा एकदा."

"मायं खोबरं सरलं, बाप्पा," ओटी भरणारी पार्बताबाई म्हणाली. "किती खेपा भरू इची ओटी?"

जानराव घामानं काळा-पांढरा झाला होता. "जावयाले बी कोनी इतक्या खेपा वाटी लावत नाही," तो पुटपुटला. "लोकायले वाटन गाडी चुकली."

पाचव्या खेपेला जमलं. जानराव ओढ्यावर गेला, चोळचोळून तोंड धुतलं आणि घरी येऊन न बोलता जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाकांत दारात. आज पहिला प्रवेश, भुतोजी निंबावर राहायला येतो तो. जानराव अंगणात वखराची लोखंडी पास ठोकत बसलेला.

"हे काय, अजून काजळी नाही लावली?"

"भूतं गेले."

"कुठं गेले?"

"तुमीच तं वाटी लावले."

कमलाकांतचे कान लाल झाले. "मी? अहो, एवढा खटाटोप करतोय मी, आणि मी वाट लावली?"

सुभद्राला आत हसू आवरेना. "वाट नाही बाप्पा, वाटी," ती पदर तोंडाला लावून म्हणाली. "म्हंजे निरोप देला. पाहुन्याले देतात तसा."

कमलाकांत ओट्यावर टेकला आणि समजावू लागला. फिल्म कापता येते, मागचं पुढं करता येतं, बघणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही.

"त्याहीले नाही लागन," जानराव म्हणाला. "पन गावानं ओटी भरली ना. वाटी लावलेल्या पाहुन्याले रस्त्यातून वापस कसं बलवाव?"

"अन् मायी मिशी?" तिथंच बसलेला खुशालराव कळवळून म्हणाला.

"थे येईन शिमग्यालोक."

बोलला खरा, पण हातोडी थांबली होती. नजर निंबाकडं गेली. पुन्हा भुतोजी व्हायची हौस त्या अंगणात त्याच्याइतकी कोणाला होती? कमलाकांतलाही तेवढी नसेल.

कमलाकांतनं कपाळावर हात मारला. "मग आता माझ्या सिनेमाचं करायचं काय, ते तरी सांगा."

जानरावनं पास उलटी केली, धार पाहिली आणि म्हणाला, "सायेब, भूतं तं काल गेले, थे बी पाच खेपा, आता थे पुढच्या शिमग्यालेच येतीन. तवरिक मी माणूस हावो, तलाठ्याचं काम कोनाले देलं नसन तं मले सांगजा."