दारातला बोडका अडुळसा

अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, इतका तो कडू. म्हणून दारातलं झाड बोडकं दिसलं की आमच्या मल्हारगंजात अख्ख्या गल्लीला कळायचं, या घरात कुणीतरी खोकतंय. त्या हिवाळ्यात आमच्या अडुळशावर शेंड्याची पांढरी फुलं तेवढी उरली होती. खोकणारी मी होते.

संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं, तरी बाबा त्याच कचेरीत त्याच खुर्चीवर कारकुनी करत होते. घरी आले की मात्र ते होमिओपॅथीचे डॉक्टर. लाकडी पेटी उघडायची, जाडजूड पुस्तक चाळायचं आणि माझ्या जिभेवर साखरेच्या गोळ्या ठेवायच्या. आई गेल्यापासून घर आत्याच्या हातात होतं आणि आत्याचा विश्वास काढ्यावर. ती पानं वाफवून रस पिळायची आणि मधातून चाटवायची. काढ्यानं गोळ्यांचा गुण जातो, असं बाबांचं म्हणणं. साखरेनं कधी कुणाचा कफ सुटलाय, असं आत्याचं. बाबांनी माझा कांदा, हिंग बंद केला. आत्यानं दही, पेरू. गंमत म्हणजे बाबांच्या बाटलीतही अडुळसाच होता, फक्त कलकत्त्याहून आलेला आणि लॅटिन नावाचा. आई गेली तेव्हाही या दोघांचं हेच भांडण चालू होतं. मी ते विसरले नव्हते.

"बाबा, एकदा दवाखान्यात छाती दाखवून येऊ ना," मी म्हणाले.

"तिथे कुणी पाहिलं तर? खामखा बदनामी! लग्नाची मुलगी आहेस तू."

"बरोबर आहे त्याचं," आत्या म्हणाली. जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही माझ्या जिवावर.

मला बघायला मानपूरहून एक मास्तर येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी शेजारीण दारातूनच ओरडली, "क्यों बहनजी, किसको खाँसी है? अडूसा तो पूरा साफ कर दिया!" झालं. आत्यानं कोयता काढला आणि झाड बुडापासून तोडलं. फांद्या बाबांनी स्वतः उचलून मागच्या अंगणात टाकल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाले. मला ताकीद मिळाली, लवंग दाढेत धर आणि खोकला दाब.

मास्तर आले, सोबत त्यांचे काका. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेले तर मास्तर खोकत होते. चांगले दणदणीत, ना लाज ना संकोच.

"मोटारीत धूळ फार," काका म्हणाले.

बाबा लगबगीनं पेटी घेऊन आले. "गोळ्या देतो, आत्ता उतार पडेल." आत्या तोवर मागच्या अंगणातली तोडलेली फांदी घेऊन आली आणि सगळ्यांदेखत पानं ओरबाडू लागली. "मास्तर, रस मधातून घ्या बरं." मास्तरांनी आधी गोळ्या खाल्ल्या, मग आत्यानं रस काढून आणल्यावर वाटी हातात घेतली. कुणाचा गुण कुणामुळे गेला नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा खोकला म्हणजे रस्त्याची धूळ आणि माझा म्हणजे घराण्याला बट्टा.

मी बश्या खाली ठेवल्या, लवंग थुंकली आणि पोटभर खोकले. मग मास्तरांच्या हातातली वाटी काढून घेतली. "ही माझी आहे," म्हटलं. "सबंध हिवाळा हाच रस पितेय मी. झाड माझ्यासाठीच बोडकं झालं आणि तुमच्यासाठी तुटलं."

पाहुणे पोहे न खाताच उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पेटी उघडून म्हणाले, "जीभ काढ." मी चपला घातल्या आणि एकटी दवाखान्यात जाऊन रांगेत बसले.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि वैतागून विचारलं, "इतने दिन कहाँ थीं?"

"घर पर," मी म्हणाले. "इलाज चल रहा था."